सैल मनगट

चंद्रप्रकाश तेंडोलकरला लग्नाला बोलवायचं तर एक खुर्ची भिंतीला लावून ठेवावी लागते. हॉलमध्ये शिरला की हा आधी दारं बघणार, मग भिंत बघणार, मग खुर्ची ओढत नेऊन भिंतीला पाठ टेकणार. नवरानवरीवर अक्षता टाकतानासुद्धा याचा डोळा दाराकडे. भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत पोरं त्याला तोंडावर तेंडोलकर काका म्हणतात आणि पाठ फिरली की सीआयडी. शेजारच्या मृणालिनीताईंनी वाटीभर शिरा पाठवला, तर हा विचारणार, "का पाठवला?" अहो, सत्यनारायण होता म्हणून पाठवला! पण नाही. "सत्यनारायण मागच्या वर्षी पण होता. तेव्हा नाही पाठवला." झालं. शिरा थंड होतो, बायको नलिनी कपाळाला हात लावते, आणि शेवटी अख्खी वाटी हाच चाटूनपुसून संपवतो.

बरं, त्याला तरी काय बोलणार? माणसाला पोटापाण्याचाच धंदा संशयाचा. बाप लालबागच्या गिरणीत होता, गिरणी गेली तसं बिऱ्हाड भांडुपला आलं, आणि पोरगा लागला बँकेत गनमन म्हणून. आधी खांद्यावर दुनळी बंदूक होती. पुढे एजन्सीतून मुलुंडच्या एका सराफाच्या दारात उभा राहिला, तेव्हा स्वतःच्या नावावर परवाना काढून बत्तीस बोअरचं पिस्तूल घेतलं. बावीस वर्षं झाली या कामाला, पण हत्यार एकदाही बाहेर काढावं लागलं नव्हतं. याचा त्याला केवढा अभिमान! "आपण बघतो ना माणसाकडे, त्यानेच तो पाणी पाणी होतो," असं तो सांगायचा. कुणी पाणी पाणी झालेलं चाळीत कुणी पाहिलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

पण त्या कमरेच्या पट्ट्यावर त्याचा जीव होता, एवढं मात्र खरं. चाळीत तो गनमन होता, वॉचमन नव्हता. गावी गेला तरी लोक म्हणायचे, आपला चंद्रो मुंबईत पिस्तूल लावून फिरतो. दसऱ्याला घरात पाट मांडला जायचा, त्यावर रिकामं पिस्तूल ठेवून नलिनी बाहेरून कुंकवाचं एक बोट लावायची, झेंडूचं फूल वाहायची, आणि हा शेजारी उभा राहून बजावायचा, "एकच बोट हां! आत काय जाता नये." एरवी ते लोखंडी कपाटात. कपाटाची चावी देवांच्या फोटोमागच्या खिळ्याला. ही जागा सख्ख्या भावालाही माहीत नव्हती, फक्त नलिनीला होती. आता रोज तिथे दिवा लावणारी तीच म्हटल्यावर तिच्यापासून काय लपवणार?

गडबड सुरू झाली ती यंदा. एजन्सीने फर्मान काढलं की सगळ्या गनमननी नव्या पद्धतीचं शिक्षण घ्यायचं, चार रविवार, आणि शेवटी चाचणी. जो नापास, त्याचं हत्यारी काम बंद, त्याने काठी घेऊन गेटवर उभं राहायचं. एजन्सीचा मॅनेजर देवेश हे सांगताना हसत होता. चंद्रप्रकाशने ते हसणं टिपून ठेवलं.

वर्ग कांजूरमार्गला, एका जुन्या गोदामाच्या हॉलमध्ये. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास थेट आत. शिकवायला कोण, तर व्हॅलेन्सिया मिस्किटा, कांजूर गावातली, तिशीतली बाई, नेमबाजीत राज्यपातळीपर्यंत खेळलेली. केस घट्ट बांधलेले, पायात कॅनव्हासचे बूट, हातात नारंगी रंगाचं रबरी पिस्तूल. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "पहिला धडा ऐका. दुकानात गर्दी असताना पिस्तूल काढायचं नाही. आधी गिऱ्हाइकाला खाली बसवायचं, आपण आडोसा घ्यायचा, ओरडायचं. पिस्तूल एकदम शेवटी, जीव जातोय असं दिसलं तरच."

"मग पगार कशाला देतात?" चंद्रप्रकाश पुटपुटला.

"ते न काढायचा देतात, काका," ती म्हणाली. कान भारी तिखट होते बाईचे.

मग तिने उभं राहायला शिकवलं. पाय खांद्याइतके फाकवायचे, गुडघे सैल, छाती समोर, वजन किंचित पुढे. उजव्या हाताने मूठ धरायची, डाव्या तळव्याने उरलेली जागा भरायची, दोन्ही अंगठे पुढे, दोन्ही हात समोर. खांदे कानाला लावायचे नाहीत. एकेकाला उभं करून ती छातीवर तळहाताने हलकेच ढकलायची. हलला नाही तर बरोबर.

चंद्रप्रकाशची पाळी आली. तो उभा राहिला तो अण्णांनी शिकवल्यासारखा. अण्णा म्हणजे बँकेतल्या गार्डांना तयार करणारे म्हातारे सुभेदार. पिस्तूल धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं, आणि अण्णांची पद्धत एकच: अंग आडवं, उजवा हात सरळ, डावा कमरेवर. काय रुबाब दिसायचा! व्हॅलेन्सियाने दोन बोटांनी ढकललं आणि हा चक्क एक पाऊल मागे गेला. पोरं खिक्कन हसली.

"काका, उभे राहिलात झकास, पण फोटोसाठी," ती म्हणाली. "डावा हात द्या मदतीला. एका हाताने मनगटावर सगळा भार येतो."

"माझं मनगट बघू नका तुम्ही मॅडम. बावीस वर्षं धरतोय."

आता खरी गोष्ट अशी की त्या मनगटात काही राम उरला नव्हता. दोन वर्षांपूर्वी चिकनगुनिया झाला, ताप गेला पण सांध्यांत बसलेलं दुखणं गेलं नाही. सकाळी उजवी मूठ वळायला वेळ लागायचा. चहाचा कप तो हल्ली डाव्या हाताने उचलायचा, आणि कुणी बघितलंच तर म्हणायचा, "सवय ठेवावी, दोन्ही हातांची." पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. दुनियेवर संशय घेणारा माणूस, पण स्वतःच्या हातावर याने कधी संशय घेतला नाही.

वर्गात मॅडमला मदत करायला एक पोरगा होता, सौरभ. घाटकोपरचा, आईचा एकुलता एक, पवईच्या एका ऑफिसच्या गेटवर साधा गार्ड. नुकताच त्याला परवाना मिळाला होता आणि हत्यारी काम कधी मिळतं याची तो वाट बघत होता. वर्ग चालू असताना सगळ्यांची पिस्तुलं एका लोखंडी पेटीत असायची आणि पेटीची चावी सौरभकडे. शिवाय पोरगा गोड बोलायचा. "काका, द्या ना, मी पुसतो तुमचं. तुम्ही बसा." दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. चंद्रप्रकाशच्या मनात आलं, हा फुकट कशाला पुसतोय?

दुसऱ्या रविवारी खऱ्या गोळ्या. मुलुंडपलीकडे टेकडीच्या पायथ्याशी एजन्सीने एक रेंज भाड्याने घेतली होती. चंद्रप्रकाश उभा राहिला, आडवा, एकहाती, अण्णांच्या थाटात. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली आणि पिस्तूल अडकलं. रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन तिथेच तोंड वर करून बसलं. व्हॅलेन्सियाने येऊन ते सोडवलं. पुन्हा एक गोळी, पुन्हा तेच.

"मनगट सैल पडतंय, काका," ती हळू आवाजात म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. "गोळी सुटली की वरचा भाग मागे येतो, त्याला मागे घट्ट आधार लागतो. हात मागे गेला की तो अर्ध्यातच थांबतो. दार ढकललं आणि चौकटच हलली, तर दार उघडेल का? दोन्ही हातांनी धरा, सगळं सुरळीत होईल."

पण ऐकतो कोण! बाई हळू का बोलली, यातच त्याला काळंबेरं दिसलं. त्याची नजर गेली सौरभकडे. सकाळी पिस्तूल कुणी पुसलं? सौरभने. पेटी कुणाकडे? सौरभकडे. आपण नापास झालो तर मुलुंडच्या सराफाच्या दारात कोण उभा राहील? आता बोला! दोन अधिक दोन त्याने तिथल्या तिथे केले, आणि उत्तर आलं सतरा.

घरी आला तो तणतणतच. नलिनी भाकऱ्या थापत होती.

"अवो, काय झाला? तोंड असा कित्याक?"

"कोणीतरी माझ्या पिस्तुलाक काय तरी केल्यान. दोनदा अडाकला. बावीस वर्षांत कधी झाला नाय ता!"

"कोणी केल्यान?"

"तो घाटकोपरचो पोर. गोड बोलता ना, तो. डोळो आसा त्येचो माझ्या जागेर."

नलिनीने शेवटची भाकरी तव्यावर टाकली. जेवताना त्याने लोणच्याची बरणी ओढली, झाकण फिरवायला गेला, फिरेना. त्याने बरणी खाली ठेवली आणि म्हणाला, नको आज लोणचं, पित्त होतं. तिने बरणी घेतली, झाकण काढलं, त्याच्या ताटात फोड वाढली आणि भात कालवायला लागली. डोळे मात्र तिचे त्याच्या उजव्या हातावर होते.

सोमवारी चंद्रप्रकाश देवेशच्या केबिनमध्ये. "साहेब, माझा कुणावर आरोप नाही," अशी सुरुवात केली आणि पुढचा अर्धा तास फक्त आरोपच केले. देवेशला काय, त्याला कटकट नको होती. त्याने सौरभला बोलावलं, झापलं, आणि सांगितलं की हत्यारं पुसायची नाहीत, हात लावायचा नाही, पेटी फक्त उचलायची नि ठेवायची. चाचणीच्या दिवशी पुन्हा असं काही झालं, तर थेट घरी, आणि परवान्याचंही बघून घेऊ.

तिसरा रविवार नुसता रबरी पिस्तुलांवर गेला. चहाच्या वेळी सौरभ चंद्रप्रकाशसमोर कप घेऊन आला. "काका, मी खरंच काही नाही केलं."

"मी कुठे म्हटलं तू केलंस?" चंद्रप्रकाश म्हणाला आणि कप तसाच बाकावर ठेवून दिला. चहात काय घातलंय कुणास ठाऊक! पोरगा थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. चहावर साय धरली. व्हॅलेन्सियाने लांबून हे बघितलं, पण ती काही म्हणाली नाही, तेव्हा चंद्रप्रकाशने तिचंही नाव मनातल्या संशयितांत घालून टाकलं. एजन्सीवाले सामील, बाई सामील, पोरगा तर मुख्य. एवढं सगळं जग आपल्याविरुद्ध उठलंय म्हटल्यावर त्याला मनातून जरा बरंच वाटलं असणार.

घरी मात्र रोज तेच पारायण. पोरगा असं करतो, बाई तसं बघते, नजर लावली, करणी केली. नलिनी ऐकायची आणि वाती वळायची. चाचणीच्या आदल्या दिवशी तिचा पुतण्या गावाहून आला, तिच्या निरोपावरून कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन. ती तिने देव्हाऱ्यात ठेवली. चंद्रप्रकाशने विचारलं, "काय आणल्यान?" तर म्हणाली, "राखणदाराचो अंगारो. मी मागावलंय." गावच्या वेशीवरच्या राखणदाराचा अंगारा म्हणजे साधी राख नव्हे हो. नारळाची सोडणं जाळलेली, वर कापूर, आणि गुरवाने नाव घेऊन घातलेलं गाऱ्हाणं. चंद्रप्रकाशने मान डोलावली. देवावर त्याचा संशय नव्हता, निदान उघड तरी नव्हता.

सकाळी निघताना नलिनीने त्याच्या कपाळाला अंगारा लावला, हातावर दही-साखर ठेवली. "उशीर होता, चला," म्हणत तिने पिस्तुलाची पिशवीही तयारच हातात दिली. वर टोपी चढवून हा निघाला. रिक्षात बसेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच विचार: आज पोराला रंगेहाथ पकडायचं.

कांजूरला पिस्तुलं पेटीत जमा करून सगळे एजन्सीच्या गाडीने रेंजवर आले, देवेशही आला होता. सौरभने पेटी गाडीतून उतरवली, उघडली, बाजूला झाला. चंद्रप्रकाशने आपलं पिस्तूल घेतलं, मॅगझिन घेतलं, म्हणजे गोळ्या भरायची ती लोखंडी चपटी डबी, आणि एकेक गोळी आत दाबायला लागला. चष्मा खिशात होता, पण हे काम तो आंधळ्यासारखं बोटांनी करायचा. तिसरी गोळी कुरकुरली. चौथी कुरकुरत गेली. बोटाला काहीतरी भुकटीसारखं लागलं.

सापडलास बेट्या!

शहाण्या माणसाने काय केलं असतं? तिथेच हात वर करून सांगितलं असतं, मॅडम, यात कचरा आहे. पण हा तेंडोलकर! याला कचरा काढायचा नव्हता, याला चोर काढायचा होता, तोही चारचौघांत, देवेशच्या डोळ्यांदेखत. मूग गिळून त्याने गोळ्या भरल्या आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

व्हॅलेन्सियाने हुकूम दिला. त्याने गोळी झाडली. एक सुटली. दुसऱ्या वेळी घोडा नुसताच खट् वाजला, पुढची गोळी वर आलीच नव्हती. "अडकलं!" तो ओरडला, आणि आवाजात अशी खुशी की शेजारच्या गनमनने वळून बघितलं. "मॅडम, साहेब, या इकडे! सगळ्यांसमोर उघडा. मी हात लावणार नाही."

व्हॅलेन्सियाने पिस्तुलाचं तोंड समोरच ठेवायला लावलं, मॅगझिन काढून घेतलं, नळी रिकामी करून तपासली. मग टेबलावर पांढरा रुमाल पसरला, मॅगझिनमधल्या गोळ्या काढल्या, खालची पट्टी सरकवून आतली स्प्रिंग बाहेर घेतली. स्प्रिंगला करडा लगदा चिकटला होता, तेलात कालवल्यासारखा. तिने डबी रुमालावर आपटली, तशी चिमूटभर राख पडली.

"राख!" देवेश म्हणाला. "आयला, काका खरं बोलत होते. सकाळी पेटी कुणाकडे होती?"

सगळे सौरभकडे बघायला लागले. पोरगा पांढराफटक पडला. "सर, आईशपथ, मी पेटी उघडलीच नव्हती."

"आईला कशाला मध्ये आणतोस? आता पोलिसात जाऊन सांग. परवाना विसर तुझा."

चंद्रप्रकाश पुढे वाकला. जिंकला होता तो. आता फक्त जवळून बघायचं होतं. त्याने राख बोटावर घेतली, सवयीने नाकाशी नेली. बारुदाच्या वासातूनही तो वास आला. कापूर. जळकं सोडण. राखेत एक अर्धवट जळलेला काळा धागासुद्धा होता, नारळाचा.

त्याला सकाळ आठवली. आपण आंघोळीला गेलो होतो. चावी खिळ्याला. पिशवी तयार. दही-साखर देणारी नलिनीची बोटं करडी होती, ते आपण बघितलं होतं! कपाळाला लावला म्हणून असतील, असं वाटलं होतं. तिला काय माहीत मॅगझिन म्हणजे काय. वर तोंड असलेली छोटीशी डबी दिसली, घातला चिमूटभर राखणदार आत.

त्याने वर बघितलं. व्हॅलेन्सिया त्याच्याच तोंडाकडे बघत होती. तोंडाकडे नव्हे, टोपीच्या कडेखाली, जिथे घामाने एक करडा ओघळ भुवईपर्यंत आला होता. मग तिने नजर रुमालाकडे नेली, आणि पुन्हा वर. बोलली मात्र काहीच नाही.

आयुष्यात पहिल्यांदा चंद्रप्रकाशला नीट कळलं की समोरचा माणूस गप्प का आहे. ती ते त्याच्यावर सोडत होती. तो गप्प राहिला असता तर ती बोलली असती की नाही, कोण जाणे. पण तोंड उघडलं तर काय होणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. परवाना त्याच्या नावावर. हत्यार त्याच्या ताब्यात, त्याच्या कुलपात. घरच्या माणसाने ते उघडून आत काही घातलं, हे कबूल केलं, की कमरेचा पट्टा गेला. चाळीतला गनमन गेला. गावचा चंद्रो गेला. आणि समोर तो पोरगा, ज्याच्या हातातला चहा त्याने थंड होऊ दिला होता.

देवेशने फोन खिशातून काढला होता.

"साहेब, थांबा," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याने टोपी काढली. कपाळावरून बोट फिरवलं आणि ते बोट रुमालावर, त्या राखेशेजारी टेकलं. "बघा. एकच आहे. हा माझ्या गावचा अंगारा आहे. माझ्या घरून आलाय. चावी मी उघड्यावर ठेवतो. पोराने काही केलेलं नाही."

देवेशने कपाळाला हात मारला. "काका, हे तुम्ही बोलताय, म्हणजे काय होणार कळतंय ना? कस्टडीत नसलेलं हत्यार घेऊन मी तुम्हाला गिऱ्हाइकाच्या दारात उभं नाही करू शकत."

"कळतंय."

"आणि मागच्या वेळी अडकलं ते?" देवेशने विचारलं. "तेव्हा पण अंगारा?"

चंद्रप्रकाशने व्हॅलेन्सियाकडे बघितलं. हे तर त्याला सोडूनही देता आलं असतं. "नाही," तो म्हणाला. "तेव्हा मनगट. मॅडमनी सांगितलं होतं."

सौरभ अजून तिथेच उभा होता. चंद्रप्रकाश त्याच्याजवळ गेला. "पोरा, चुकलं माझं," एवढंच त्याला सुचलं.

सौरभने लगेच हात बित धरले नाहीत. "काका, दोन आठवडे माझी आई रोज विचारतेय," तो म्हणाला. "रोज जेवायला वाढते आणि म्हणते, सौरभ, माझ्यासमोर खरं सांग, काही केलंस का तू? माझी आई, काका." आणि तो पेटीकडे निघून गेला. चंद्रप्रकाशला वाटलं, याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

व्हॅलेन्सियाने दुसरं मॅगझिन त्याच्यासमोर ठेवलं. "चाचणी अर्धी राहिली, काका. पूर्ण करा."

"आता कशाला?"

"रांगेत आहात म्हणून."

तो उभा राहिला. या वेळी पाय फाकवले, छाती समोर केली, डाव्या हाताने उजव्याला धरलं. दुखऱ्या मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार मिळाला आणि ते निमूट राहिलं. तिने मागून येऊन खांद्याला ढकललं, तो हलला नाही. गोळ्या सुटत गेल्या, एकही अडकली नाही. कागदावर सगळी भोकं एका पेल्याच्या तोंडात मावतील अशी जवळ जवळ. चंद्रप्रकाश बघतच राहिला. एवढी चांगली नेमबाजी त्याने अण्णांसमोरही केली नव्हती. मग त्याने कमरेचा एजन्सीचा पट्टा सोडला आणि देवेशच्या हातात दिला. पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करायचं ठरलं.

टेकडी चढताना तो नलिनीला काय काय बोलायचं ते जुळवत होता. अक्कल आहे का? कुणी सांगितलं होतं? माझी भाकरी घालवलीस! एकेका पायरीला एकेक वाक्य तयार. दारात आला तर घरात दिवा लागलेला, आणि ती उपाशी. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"काय झाला?" तिने विचारलं. आणि मग त्याच्या कमरेकडे बघून, "पट्टो खंय?"

"उद्यापासून गेटार ड्युटी. पवईक." तो खुर्चीत बसला. भिंतीकडे खुर्ची ओढायची राहूनच गेली. "वयाचा म्हणान दिल्यानी. बरा आसा, बसाक गावता."

नलिनी आत गेली, वाटीत खोबरेल गरम करून आली, खाली बसली आणि त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन मनगट चोळायला लागली. न विचारता, नेमकं दुखतं तिथेच अंगठा.

"तुका कोणी सांगल्यान हात दुखता म्हणान?" त्याने विचारलं. संशयाने नव्हे, खरंच विचारलं.

"सांगूक कशाक व्हया? दोन वर्सां लोणच्याची बरणी मीच उघडतंय." तिने तेल घातलं. "तुमी त्या पोराचा नाव घेय होतास, माका ठाऊक होता पोराचा काय नाय म्हणान. पण तुमका सांगून पटला असता? म्हणान राखणदाराकच गाऱ्हाणा घातलंय. पिस्तुलाचा माका काय करूचा हा? ह्येंच्या हाताक बळ येवंदे, म्हटलंय. म्हणान तुमच्या त्या डबयेत पण वायच घातलंय." आणि मान वर करून तिने विचारलं, "पावलो?"

पायऱ्यांवर जुळवलेली सगळी वाक्यं चंद्रप्रकाशच्या तोंडाशी आली. कागदावरची ती जवळ जवळची भोकं त्याला आठवली, आणि पोराचा चेहरा.

"पावलो गो," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने त्याने डोळे पुसले.

"मगे त्या पोराक एकदा जेवाक बोलवा," नलिनी म्हणाली. "त्येच्या आवशीक पण."

त्याने मान डोलावली, पण पोरगा येईल असं त्याला वाटत नव्हतं. तिने दुसरा हात मागितला, तो त्याने दिला.